टीव्हीवरचं अंतराळयान माणसाचं आयुष्य कसं काय बदलतं?

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार हे आता आपल्याकडं बहुतेकांना माहितीय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले, पेपरात बातम्या आल्या, आणि तेव्हापासून हिंगोली-परभणीकडं लग्नकार्यात चार माणसं मांडवात बसली की कुणीतरी विचारतंच, तिथं नेमकं काय करणार आहेत म्हणून. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी थरथर पसरते ती मोजणार, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, असलं काही शिकावं असं एखाद्याच्या डोक्यात येतंच कसं, घराण्यात कुणी शास्त्रज्ञ नसताना?

याचं एक उत्तर ऐकून लोक चक्रावतात. जगभरातले कितीतरी शास्त्रज्ञ, इंजिनियर, अंतराळवीर सांगतात की लहानपणी बघितलेल्या एखाद्या विज्ञानकथेच्या मालिकेपासून सगळं सुरू झालं. यावर आपल्याकडची मंडळी एकतर "काहीही सांगतात" म्हणून सोडून देतात, नाहीतर पोरांना टीव्हीपुढं बसवायला निघतात. मला दोन्ही पटत नाही. मालिकेचा माणसावर परिणाम होतो हे खरंय, पण तो कोणत्या वाटेनं होतो आणि कुठं अडतो हे कळलं तर आईबापांना, मास्तरांना त्याचा उपयोग करून घेता येईल, म्हणून हा लेख.

कोणत्या मालिकेबद्दल बोलतोय

मुख्यतः स्टार ट्रेक, कारण तिच्या चाहत्यांबद्दल सगळ्यात जास्त लिहून ठेवलेलं आहे. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत सुरू झाली, तीन सीझन, ७९ भाग, आणि १९६९ ला बंद. भविष्यात एंटरप्रायझ नावाचं यान ताऱ्यांमधून फिरतंय, त्यावर वेगवेगळ्या देशांची, रंगांची माणसं आणि एक अर्धा परग्रहावरचा अधिकारी, दर भागात नवीन ग्रह आणि नवीन पेच, एवढीच मूळ कल्पना. दुसऱ्या सीझनच्या वेळी बंद करायचं घाटत होतं तेव्हा चाहत्यांनी चॅनलकडं पत्रांचा मारा केला म्हणून तिसरा सीझन झाला. खरी लोकप्रिय झाली ती बंद पडल्यावर, जुने भाग परत परत दाखवले गेले तेव्हा. आपल्याकडं ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, आणि १९९८ ला दूरदर्शनवर कॅप्टन व्योम ही अंतराळातल्या हिरोची हिंदी मालिका आली.

चाहत्यांचा जोर किती असतो ते बघा. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटल यानाचं नाव कॉन्स्टिट्यूशन ठरलं होतं, चाहत्यांनी इतकी पत्रं लिहिली की सरकारनं नाव बदलून एंटरप्रायझ केलं. ते शटल स्वतः कधी अंतराळात गेलं नाही, १९७७ ला त्याच्यावर फक्त तरंगत उतरण्याच्या चाचण्या झाल्या, पण पुढच्या सगळ्या शटलांचं उतरणं त्याच चाचण्यांवर उभं राहिलं.

न भेटलेल्या माणसाशी ओळख

आता मूळ मुद्दा. पडद्यावरचं माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी आपल्याला वाटतं की आपण त्याला चांगलं ओळखतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये याला परासामाजिक नातं असं नाव दिलं. नाव अवघड आहे, मी पुढं एकतर्फी ओळख म्हणेन. यात विचित्र काही नाही. रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा टीव्हीला हार घालून, अगरबत्ती लावून बसणारी माणसं आपल्यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी बघितलीत. आपला मेंदू लाखो वर्षं समोरासमोरच्या माणसांमध्ये वाढला, दर आठवड्याला एक चेहरा दिसतोय, त्याचा आवाज, त्याचा राग, त्याची चूक सगळं कळतंय, तर तो चेहरा ओळखीच्यांच्या यादीत जाऊन बसतो, मग तो खोटा आहे हे माहिती असलं तरी.

म्हणून त्या अर्ध्या परग्रहावरच्या अधिकाऱ्याचं, म्हणजे स्पॉकचं काम करणारे लिओनार्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ ला गेले तेव्हा लोक घरातलं कुणी गेल्यासारखे रडले, आणि टेरी व्हर्ट्स या अंतराळवीरानं अंतराळ स्थानकाच्या खिडकीत हात धरून स्पॉकच्या सलामीचा फोटो पाठवला, मागं पृथ्वी दिसतेय. त्यात नाटक नव्हतं.

ही एकतर्फी ओळख काय करू शकते याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण जेम्स डूहान यांचं. मालिकेत ते यानाचे चीफ इंजिनियर, स्कॉटी. त्यांना एका चाहतीचं पत्र आलं, जीव द्यायचा विचार करतेय असं. त्यांनी तिला फोन लावला आणि सांगितलं की अमुक शहरात चाहत्यांचा मेळावा आहे, मी असणार आहे, तू ये. ती आली. मग पुढच्या मेळाव्याची तारीख दिली, मग त्याच्या पुढच्या. नंतर संपर्क तुटला, आणि काही वर्षांनी तिचं पत्र आलं की मी इलेक्ट्रॉनिक इंजिनियरिंगमध्ये मास्टर्स केलंय. हा किस्सा डूहान यांनी स्वतः सांगितलाय, सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. यात नीट बघण्यासारखी गोष्ट अशी की तिनं पत्र लिहिलं ते स्कॉटीमुळं, पण नंतर तिला धरून ठेवलं ते फोन करणाऱ्या, पुढची तारीख देणाऱ्या एका खऱ्या माणसानं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

"अशी बाई असू शकते" हे दिसणं

दुसरी वाट म्हणजे आपण काय होऊ शकतो याची मनातली यादी. लेकराच्या मनात ही यादी असते आणि ती त्यानं जे बघितलंय त्याच्यावरूनच बनते. डॉक्टर दिसतो, मास्तर दिसतो, तलाठी दिसतो, पीएसआय दिसतो, ते यादीत जातात. जे कधी दिसलंच नाही ते नापसंत पडायचाही प्रश्न येत नाही.

स्टार ट्रेकमध्ये निशेल निकोल्स ही काळी अभिनेत्री उहुरा नावाची अधिकारी होती, १९६६ सालच्या अमेरिकेत, जिथं पडद्यावर काळी बाई बहुतेक वेळा मोलकरीणच असायची. पहिल्या सीझननंतर ती मालिका सोडणार होती. एका कार्यक्रमात तिची भेट मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झाली, ते म्हणाले सोडू नकोस, लोक आम्हाला जसं बघायला पाहिजे तसं पहिल्यांदा तुझ्यामुळं बघतायत. ती थांबली. १९७७ मध्ये नासानं तिलाच बायका आणि काळ्या तरुणांनी अंतराळवीर म्हणून अर्ज करावेत या प्रचाराच्या कामाला घेतलं आणि १९७८ च्या तुकडीत पहिल्यांदा बायका निवडल्या गेल्या. शिकागोत वाढलेली मे जेमिसन लहानपणी उहुराला बघायची, १२ सप्टेंबर १९९२ ला ती अंतराळात गेली, तिथं जाणारी पहिली काळी अमेरिकन बाई. पुढच्या वर्षी स्टार ट्रेकच्या नवीन मालिकेत एका भागात तिनं छोटंसं कामही केलं. मालिकेतून निघालेली गोष्ट फिरून मालिकेत आली.

एक्स फाइल्स या अमेरिकन मालिकेतल्या डॉक्टर स्कली या पात्राबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेत बायकांची एक पाहणी झाली होती. हे पात्र माहिती असलेल्या आणि विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींनी स्कलीला आपला आदर्श म्हटलं. आकडा मोठा आहे, पण ही पाहणी करणाऱ्यांमध्ये मालिका काढणारी कंपनीसुद्धा होती आणि बायकांना जुनी आठवण विचारलेली होती, तेव्हा तो आकडा जरा हातचा राखूनच घ्यावा.

सेलूकडचे रिवाइंडिंगवाले काका

अमेरिकेतलं सोडा, आपल्याकडचं एक सांगतो. सेलूकडं माझ्या ओळखीचे एक काका आहेत, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. बोअरची मोटार जळाली की शेतकरी टेंपोत टाकून आणतात, काका स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग उघडतात, जळकी तार ओढून काढतात, वेढे मोजून वहीत लिहितात, तारेचा गेज लिहितात, कागद घालतात, नवीन तांब्याची तार भरतात, वार्निश मारून उन्हात ठेवतात. शाळकरी वयात शेजाऱ्याच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर त्यांनी स्टार ट्रेक बघितली. इंग्रजी कळत नव्हतं, निम्मं अंदाजानं.

त्यांना आवडायचा तो स्कॉटी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कॅप्टन असू दे नाहीतर कुणी, इंजिनाचं त्याला इचारल्याबिगर यान हालत नव्हतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. काकांच्या घरात, गावात, हात काळे करणाऱ्याला कुणी विचारून निर्णय घेत नसे, खुर्ची कायम पांढऱ्या कपड्यांच्या माणसाला. आणि इथं पडद्यावर इंजिनातला माणूस अधिकाऱ्यांच्या बैठकीत बसतोय, हे होणार नाही म्हणून कॅप्टनला तोंडावर सांगतोय आणि कॅप्टन ऐकतोय. काका शास्त्रज्ञ झाले नाहीत, नासात गेले नाहीत. पण त्यांच्या दुकानात एक नियम आहे, मोटार का जळाली हे सापडल्याशिवाय नवीन तार भरायची नाही. शेतकरी घाईला आलेला असतो, पाणी द्यायचंय, पिकं वाळतायत, तरी काका आधी विचारणार, व्होल्टेज किती येतंय, डीपीवर एक फेज जाते का, स्टार्टर कुणी डायरेक्ट केलाय का. आपल्या कामाला मान आहे आणि ते नीट करायचं असतं, हे त्यांनी एका न भेटलेल्या इंजिनियरकडून घेतलं असं ते स्वतः सांगतात.

त्यांच्या मुलीला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा पाहुणेरावळे सगळे एका सुरात, लातूरला टाका, नीट रिपीट करा. तिला फिजिक्स करायचं होतं. काका फिजिक्सला हो म्हणाले, आता ती नांदेडला एमएस्सी करतेय. मला विचाराल तर मालिकेचा खरा परिणाम तिथं दिसला, ज्यानं बघितली त्याच्या पुढच्या पिढीत.

मालिका म्हणजे विरजण आहे. चमचाभर पुरतं, पण दूध थंडगार असलं तर रात्रभर ठेवूनही दही लागत नाही. काकांच्या बाबतीत हाताला काम होतं, दुकान होतं, त्यामुळं ते लागलं. जेमिसनच्या बाबतीत शाळा होती, लायब्ररी होती, पुढं नासाचा अर्ज होता. हे आजूबाजूचं नसेल तर लेकरू मालिका बघतं, महिनाभर भारावून जातं आणि विसरतं, दोष मालिकेचाही नाही आणि लेकराचाही नाही.

"पण त्यातलं सायन्स तर चुकीचं असतं"

असतं, आणि ते मान्यच करावं. अंतराळात हवा नाही तरी स्फोटाचा आवाज येतो, परग्रहावरचे लोक इंग्रजी बोलतात, आणि यान प्रकाशापेक्षा जोरात पळतं. प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो, सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत पोचायला त्यालाही ४.२ वर्षं लागतात, आणि त्याला ओलांडून कुणी जाऊ शकत नाही. मग गोष्ट कशी चालणार? म्हणून लेखकांनी वार्प ड्राइव्ह काढला, म्हणजे यानाच्या आजूबाजूची जागाच आकसायची.

आता गंमत अशी की मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये खरंच आइनस्टाइनच्या समीकरणांत बसवून दाखवलं की पुढची जागा आकसली आणि मागची फुगली तर मधलं यान असं जाऊ शकेल, आणि मालिकेचं ऋण उघड मानलं. त्यासाठी लागणारी उणे ऊर्जा कुठून आणायची हे कुणालाच माहिती नाही, त्यामुळं यान काही निघालेलं नाही. पण चुकीच्या सायन्सनं एक बरोबर प्रश्न विचारायला लावला.

असंच किप थॉर्न या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन कादंबरी लिहित होते, नायिकेला दूरच्या ताऱ्यापर्यंत न्यायचं होतं, त्यांनी थॉर्नना विचारलं की कृष्णविवरातून नेऊ का. थॉर्न म्हणाले नाही, मरेल ती, आणि मग स्वतःच हिशोब करत बसले की अवकाशात बोगदा असू शकतो का, त्यावर १९८८ ला विद्यार्थ्याबरोबर शोधनिबंध आला. हेच थॉर्न पुढं अमेरिकेतल्या लायगोसाठी २०१७ च्या नोबेलचे मानकरी, त्याच लायगोची भारतातली वेधशाळा आता औंढ्याला होतेय. लायगो काही त्या कादंबरीमुळं झालं नाही, ते काम आधीपासून चालू होतं, पण गोष्टीतल्या प्रश्नाला कमी न लेखणारी माणसं कशी असतात ते यातून कळतं.

आपल्या मराठीतलं तर याहून जवळचं आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत एक कथा आली, नाव "कृष्णविवर", लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं, मग कळलं की हे जयंत विष्णु नारळीकर आहेत, नावाची आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून उतरवून घेतलेली. जगात नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ नाव लपवून मराठीत गोष्ट पाठवतो, कारण त्याला वाटतं की गोष्टीतून हे लोकांपर्यंत जाईल. त्याच नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि लायगो-इंडियाच्या कामात आयुका एक मुख्य संस्था आहे. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. १९७४ ची कृष्णविवराची मराठी गोष्ट आणि कृष्णविवरांच्या टकरीची थरथर ऐकणारी आपल्या हिंगोलीतली चार-चार किलोमीटर लांब हातांची वेधशाळा, यांच्यात सरळ दोरी नाही, पण मधली बरीच माणसं तीच आहेत.

मोबाइल स्टार ट्रेकमुळं आला म्हणतात ते?

असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. ३ एप्रिल १९७३ ला मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला आणि त्यांना कल्पना मालिकेतल्या उघडझाप करणाऱ्या यंत्रावरून सुचली असं सगळीकडं लिहिलेलं असतं. कूपर यांनी नंतर सांगितलं की मनात होता तो डिक ट्रेसी या जुन्या चित्रकथेतला मनगटावरचा रेडिओ.

अजून एक खाचखळगा आहे. अंतराळवीर सांगतो मी ही मालिका बघायचो, आपण म्हणतो बघा मालिकेनं घडवलं. पण ज्या लेकराला आधीच ताऱ्यांची ओढ होती त्यालाच ती मालिका आवडली असेल, तर आधी काय आणि नंतर काय? आणि लाखो लोकांनी बघितली, पुढं काहीच झालं नाही, त्यांची मुलाखत कुणी घेत नाही. म्हणून "मालिका बघा आणि शास्त्रज्ञ व्हा" असं मी म्हणणार नाही. आधीपासून असलेल्या ओढीला मालिका नाव देते, चेहरा देते आणि तसल्याच ओढीची चार माणसं भेटवते, एवढं मात्र अनेकांच्या सांगण्यातून परत परत येतं.

पोरगं नादी लागलं तर?

ही भीती खरी आहे. नाद आणि आवड यांच्यातला फरक ओळखायला सोपा आहे. मालिका बघून लेकरू दुसरं काही करायला लागलं, चित्रं काढतंय, प्रश्न विचारतंय, मित्राला गोष्ट सांगतंय, तर काळजी करू नका. जेवण, झोप, शाळा, माणसं टळायला लागली, किंवा ज्याला ही मालिका आवडत नाही त्याच्याशी भांडणं व्हायला लागली, तर मग थांबवून बोलायला पाहिजे. आणि बोलायचं म्हणजे रिमोट काढून घ्यायचा असं नाही. काहीतरी दुखतंय म्हणून लेकरू तिकडं जातंय का, हे आधी बघा. डूहान यांनी त्या मुलीला मालिका बघू नको म्हणून सांगितलं नव्हतं, माणसांत बोलावलं होतं.

इंग्रजी मालिका, आपल्या लेकरांना काय कळणार?

काकांना निम्मी कळली होती, ते वर सांगितलंच. पण आता सबटायटल आहेत, थांबवून परत बघता येतं, त्यामुळं इंग्रजीही जरा सुधारतं. जुन्या स्टार ट्रेकचा जवळजवळ प्रत्येक भाग पन्नासेक मिनिटांचा आणि स्वतंत्र गोष्टीचा आहे, क्रमानं बघायची गरज नाही.

मी सुरुवातीला १९६७ चा "डेव्हिल इन द डार्क" हा भाग सुचवेन. खाणीत सिलिकॉनचा बनलेला एक दगडासारखा प्राणी कामगारांना मारतोय, सगळे त्याला मारायला निघालेत. मग कळतं की ती आई आहे, आणि कामगार खाणीतले जे गोल गोल गोळे निरुपयोगी म्हणून फोडत होते ती तिची अंडी. शेवटी तोडगा निघतो, तिची पिल्लं बोगदे खोदतील, माणसं धातू उचलतील, दोघांचं भागेल. भाग संपला की लेकराला विचारा, कामगारांची चूक होती का, त्यांना माहिती नव्हतं ना? आमच्या घरी यावर मोठ्यांचंच एकमत झालं नाही. आणि असा सिलिकॉनचा प्राणी खरंच असू शकतो का हे विचारलं तर उत्तर फेकू नका, मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, सिलिकॉन आणि कार्बनची नोंद दोघं मिळून वाचा. संभाजीनगरला एमजीएमचं विज्ञान केंद्र आहे, कधी कामाला गेलात तर तिथं लेकराला दाखवून आणा.

पहिल्याच भागात कंटाळलं तर बंद करा, जबरदस्ती नको. गावच्या नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या विज्ञानकथा असतात, नसल्या तर ग्रंथपालांना मागवायला सांगा, वर्षाच्या खरेदीच्या यादीत वाचकानं मागितलेली पुस्तकं घालता येतात.